निकाल 'लागला' की 'लावला'?

आपल्या होस्टेलवर काही इंग्रजी शब्द मराठीपेक्षाही मराठी होऊन बसले आहेत. 'सबमिशन', 'प्रॉक्सी', 'फंडा' हे त्यातले जुने मानकरी. पण निकालाच्या हंगामात या सगळ्यांना मागे टाकून एकच शब्द पुढे जातो, तो म्हणजे 'डूम्ड'. टाकीतले पाणी संपले, डूम्ड. मेसच्या फळ्यावर दुधी दिसला, डूम्ड. एक्स्टर्नल म्हणून कोण येणार ते कळले, डबल डूम्ड! व्याकरणाचे तर विचारूच नका. "मी डूम आहे", "माझा डूम झाला", इथपासून ते थेट "डूमलो रे बाबा" इथपर्यंत सगळे प्रयोग कानावर आलेले आहेत. त्यातला 'डूमलो' मला मनापासून आवडतो. परक्या शब्दाला आपला प्रत्यय लावून घरचा करून टाकायची मराठीची पचनशक्ती त्यात दिसते. काही महाभाग तर 2004 च्या 'धूम' सिनेमाचा आणि याचा संबंध जोडतात. तसा संबंध अजिबात नाही. फार तर इतकेच म्हणता येईल की डूम आला की आपण धूम ठोकतो.

इंग्रजी शब्द वापरला म्हणून ओरडा करणाऱ्यांतला मी नाही. दुधीला डूम म्हणा, माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती हा शब्द माणसांना लावण्याला. "सेकंड इयरचा तो कोपऱ्यातल्या रूमवाला? तो डूम्ड केस आहे." हे वाक्य होस्टेलवर इतक्या सहज बोलले जाते की बोलणाऱ्याला आपण काय बोललो याचा पत्ताही नसतो. आणि खरे सांगायचे तर फक्त होस्टेलवरच नाही. याच वाक्याची मराठी आवृत्ती स्टाफरूमच्या दाराबाहेर उभे राहिले की आतूनही ऐकू येते. तेव्हा या शब्दाच्या जरा खोलात जाऊ या म्हटले.

इंग्रजीत नशिबाला शब्द पुष्कळ आहेत. 'फेट' लॅटिनमधून आलेला, त्याचा मूळ अर्थ 'बोलले गेलेले'. देवाच्या तोंडून एकदा निघाले ते निघाले! 'डेस्टिनी' जरा भारदस्त, आणि 'लक' तर रोजच्या वापरातला. हे तिन्ही दोन्ही बाजूंना जातात. चांगलेही असतात, वाईटही. आपला 'नशीब' अरबीतून आला, त्याचा अर्थ वाटा, हिस्सा. म्हणून तर 'नशिबी आले' आणि 'वाट्याला आले' आपण एकाच दमात म्हणतो. वाटा कधी मोठा, कधी लहान. त्यामुळे जगात नशीबवान माणूस असू शकतो. डूमवान मात्र कुणी नसतो. डूम एकाच दिशेने जातो, खाली. कुणाला लॉटरी लागली तर तो त्याचा डूम, असे इंग्रज म्हणणार नाही (लॉटरी लागल्यावर नातेवाईक जमले तर गोष्ट वेगळी).

वापरायच्या तऱ्हाही ठरलेल्या आहेत. 'डूम्ड टू फेल' म्हणजे अपयश आधीच ठरलेले. याला मराठीत इतका नेमका वाक्प्रचार आहे की आपण तो विसरलो याचे वाईट वाटते : 'पाचवीला पुजलेले'. दारिद्र्य पाचवीला पुजलेले असते तसे आमच्या बॅचच्या पाचवीला एम-थ्री पुजलेले आहे. 'प्रॉफेट ऑफ डूम' म्हणजे सदान्‌कदा वाईटच भाकीत करणारा; आपल्याकडे त्याला सरळ काळ्या जिभेचा म्हणतात. प्रत्येक विंगमध्ये असा एक असतोच. आणि वर्तमानपत्रात अमुक गोष्ट तमुक धंद्यासाठी डूम 'स्पेल' करते असे येते, तेव्हा मराठी उपसंपादक 'विनाशाची नांदी' लिहून मोकळा होतो.

इथपर्यंत सगळे डिक्शनरीत मिळते. गंमत पुढे आहे. हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ विनाश नव्हताच. जुन्या इंग्रजीतला 'डोम' म्हणजे कायदा, निवाडा, न्यायाधीशाने दिलेला निर्णय. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाने आपल्या राज्याचे कायदे एकत्र केले, त्या ग्रंथाला म्हणत 'डोमबोक', म्हणजे निवाड्यांचे पुस्तक. त्यात विनाशाचे काही नव्हते. कुणी कुणाचे काय नुकसान केले तर किती भरपाई द्यायची, असा अगदी व्यवहारी मामला होता. त्याहून गंमत म्हणजे 'बेओवुल्फ' या जुन्या काव्यात हाच शब्द कीर्ती या अर्थानेही येतो. माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल जो चांगला निवाडा देतात, तो त्याचा डोम! म्हणजे एके काळी डूम कमवावा लागत होता, आणि तो मिळाला तर माणूस धन्य होत होता.

याच शब्दाचे भाईबंद आजही इंग्रजीत जिवंत आहेत. 'किंगडम', 'फ्रीडम', 'विजडम' यांच्या शेवटचा 'डम' तोच. 'डीम' हे क्रियापदही त्याच घरातले. 'डीम्ड युनिव्हर्सिटी' म्हणजे विद्यापीठ आहे असे मानले गेलेले, तसा निर्णय दिला गेलेले. म्हणजे 'डीम्ड' आणि 'डूम्ड' सख्खे भाऊ आहेत! (ज्यांनी डोनेशन भरले आहे त्यांनी हसू नये.) ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे, तिथल्या हायकोर्टाच्या न्यायाधीशांना अजूनही 'डीमस्टर' म्हणतात, निवाडा देणारा.

मग हा शब्द बिघडला कसा? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि कोर्टकचेरीत फ्रेंच शिरली. फ्रेंचमधून आलेला 'जजमेंट' खुर्चीवर बसला, 'डूम'ची नोकरी गेली. उरला तो एकाच मोठ्या निवाड्यापुरता. ख्रिस्ती धर्मातला शेवटचा न्यायाचा दिवस, 'डूम्सडे'. त्या निवाड्यावर अपील नाही. चर्चच्या भिंतींवर त्या दिवसाची भलीमोठी चित्रे काढत, त्यात नरकात ढकललेल्यांचे हाल लोकांच्या जास्त लक्षात राहत. हळूहळू निवाडा म्हणजे वाईटच निवाडा, आणि पुढे तर निवाडा गळून नुसते वाईटच उरले. चौदाव्या शतकात हा नवा अर्थ दिसू लागतो आणि 1600 नंतर तोच रूढ होतो.

या मधल्या काळातली एक गोष्ट इंजिनिअरिंगवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. नॉर्मन राजा विल्यमने 1085 साली अख्ख्या देशाची मोजणी करायचा हुकूम दिला. कुणाची किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, सगळे 1086 मध्ये लिहून काढले. एकही बैल, गाय किंवा डुक्कर सुटले नाही, अशी तक्रार तेव्हाच्या बखरीत आहे. आपल्या सातबाऱ्याचा थोरला चुलताच म्हणा! लोकांनी त्याला नाव ठेवले 'डूम्सडे बुक'. कारण त्यात लिहिले गेले ते लिहिले गेले, त्याच्यावर तक्रार चालत नाही, असा खुलासा शंभरेक वर्षांनी राजाच्या खजिनदाराने लिहून ठेवला आहे. ते पुस्तक लंडनला जपलेले आहे आणि अजून वाचता येते. 1986 साली, नऊशे वर्षे झाली म्हणून, बीबीसीने त्याची नवी आवृत्ती काढली, ती लेसरडिस्कवर. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी मशीनच मिळेनाशी झाली आणि आतला डेटा वाचवायला तज्ज्ञांना वेगळी खटपट करावी लागली. चामड्यावर शाईने लिहिलेले नऊशे वर्षे टिकले. आता जर्नल हाताने का लिहून घेतात असे मी तरी विचारणार नाही.

असो. मुद्दा असा की 'डूम' या शब्दाच्या मागे एक माणूस बसलेला होता. निवाडा देणारा. त्याला नाव होते, हुद्दा होता, त्याने काहीतरी ऐकून घेऊन निर्णय दिलेला होता. शब्दाच्या प्रवासात तो माणूस खुर्चीवरून उठून गेला आणि नुसता परिणाम मागे उरला. 'डूम्ड' म्हटले की कुणी डूम केले हे सांगायची गरजच उरत नाही.

आता घरी या. डूम ज्या मुळापासून निघाला त्याचा अर्थ 'ठेवणे, घालून देणे'. आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की आपल्या संस्कृतमधला 'धा' हा धातू त्याच मुळाचा. त्या 'धा'पासून काय काय झाले ते बघा. विधी, विधान, विधाता. 'विधी महाविद्यालय' म्हणजे कायद्याचे कॉलेज, 'विधिमंडळ' म्हणजे कायदे करणारे सभागृह, आणि 'विधिलिखित' म्हणजे नशिबात लिहिलेले! म्हणजे तिकडे डूमच्या बाबतीत झाले तेच इकडे विधीच्या बाबतीत. एकच शब्द, अर्थ कायदाही आणि नशीबही. (होस्टेलवर विधी म्हटले की सकाळी सात वाजताची रांगच डोळ्यांपुढे येते, तोही 'घालून दिलेला'च नियम.) पण एक फरक आहे आणि तो मला मोठा वाटतो. आपण विधिलिखित म्हणताना निदान लिहिणाऱ्याला जागेवर ठेवले आहे. विधाता आहे. गावाकडे सटवाई आहे. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तिच्याशी भांडता येते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका तिला चक्क शिव्या घालतात, "सटवीनं लिहिलंच तसं मेलीनं!" आणि 'शंभर भरले' म्हणताना तर शिशुपालाचा हिशोबच आहे. अपराध मोजून, शंभरपर्यंत वाट पाहून मग निकाल. डूमपेक्षा कितीतरी रीतसर कारभार!

आणि मग येतो आपला सगळ्यांचा लाडका शब्द, 'निकाल'. कोर्टाचा निकाल असतो, परीक्षेचा निकाल असतो, आणि "त्याचा निकाल लागला" म्हटले की माणूस संपला! म्हणजे डूमला जो प्रवास करायला शेकडो वर्षे लागली, निवाड्यापासून विनाशापर्यंत, तो आमच्या निकालाने केव्हाच करून ठेवला आहे, आणि जुना अर्थही सोडलेला नाही.

पण मराठीत एक सोय आहे, ती इंग्रजीत नाही. 'लागणे' आणि 'लावणे'. "वाट लागली" म्हटले की वाट आपोआप लागली, कुणी काही केले नाही, ढगातून पडली. "वाट लावली" म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुणी लावली? निकाल लागतो, पण निकाल लावणाराही असतो. एका अक्षराचा फरक, पण तिथे अख्खी जबाबदारी उभी आहे. माझे सगळे म्हणणे या एका अक्षरापुरतेच आहे. 'डूम्ड' हा इंग्रजीतला 'लागली' आहे.

वर्तमानपत्रे आणि सिनेमे बघा. टायटॅनिकला 'डूम्ड शिप' म्हणायची पद्धतच पडली आहे. 10 एप्रिल 1912 ला साउदम्प्टनहून निघाली तेव्हा ती डूम्ड वगैरे काही नव्हती. एक नवीकोरी बोट होती. तिच्यावर सुमारे 2200 माणसे होती आणि जीवरक्षक नावांमध्ये जागा 1178 जणांनाच. बरे, हे नियम मोडून केले होते का? नाही! ब्रिटिश सरकारच्या नियमात नावांचा आकडा बोटीच्या टनेजवर ठरत होता, आणि त्या कोष्टकाची शेवटची ओळ होती '10,000 टन व त्यापुढे'. टायटॅनिक होती 46,000 टनांच्या वर. बोटी वाढत गेल्या, कोष्टक तिथेच राहिले. नियमाप्रमाणे 16 नावा पुरेशा होत्या, तिच्यावर 20 होत्या. म्हणजे कागदावर उलट शाबासकीच! बर्फाचे इशारे तारायंत्रावर येत होते, वेग कमी केला गेला नाही. दीडेक हजार माणसे गेली. यात हिमनगाचा वाटा आहेच, पण कोष्टक कुणाचे? वेग कुणाचा? 'डूम्ड शिप' म्हटले की हे प्रश्न बोटीबरोबर तळाला जातात.

त्याहून स्पष्ट उदाहरण म्हणजे चॅलेंजर. 28 जानेवारी 1986, उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटले, सातही अंतराळवीर गेले. यालाही 'डूम्ड शटल' म्हणतात. पण आदल्या रात्री काय झाले होते? बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर आणि नासाचे अधिकारी यांची फोनवर मीटिंग झाली. थंडीत रबराच्या ओ-रिंग कडक होतात, सांधा नीट बंद होत नाही, हे रॉजर बॉइसजोली आणि त्याचे सहकारी चार्ट दाखवून सांगत होते. 53 डिग्री फॅरनहाइटच्या खाली उडवू नका, अशी कंपनीची पहिली शिफारस होती. नासाला ती आवडली नाही. मग कंपनीच्या लोकांनी थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आले की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. टोपी बदलली, शिफारस बदलली. अ‍ॅलन मॅक्डोनाल्ड नावाच्या इंजिनिअरने त्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्याने सही केली. सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान 36 डिग्री होते, म्हणजे जेमतेम 2 सेल्सियस. पुढे चौकशी समितीत रिचर्ड फाइनमनने बर्फाच्या पाण्यात ओ-रिंगचा तुकडा बुडवून सगळ्यांदेखत दाखवले की थंडीत ते रबर पूर्वस्थितीला येत नाही.

आता सांगा, हा डूम कोणत्या अर्थाने? आजच्या अर्थाने नव्हेच. जुन्या अर्थाने मात्र शंभर टक्के! मीटिंग होती, दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे होते, निवाडा होता, त्याखाली सही होती. तो डूम त्या रात्री खोलीत बसून दिला गेला. आपल्यापैकी अनेक जण उद्या अशा मीटिंगमध्ये बसणार आहेत, म्हणून हे उदाहरण इतके लांबवले.

याचा अर्थ नशिबाला नाव ठेवूच नये असे नाही. एखाद्याच्या उभ्या पिकावर गारपीट होते. एखाद्या मित्राचे वडील धडधाकट असताना अचानक जातात. तिथे 'दैव' म्हणणे हीच माणुसकी आहे, कारण तिथे 'कुणी केले?' असे विचारत बसलो तर तो बिचारा स्वतःलाच धरून बसेल. "तू काय करणार होतास रे, नशीबच" हे वाक्य किती जणांना सावरते ते होस्टेलवर राहिलेल्याला सांगायला नको. जिथे करणारा नाही तिथे 'लागली' हा शब्द दयेचा आहे. जिथे करणारा आहे तिथे तो लबाडीचा आहे.

आता पुन्हा कोपऱ्यातल्या रूमवाल्याकडे. त्याला वायडी लागला. 'लागला' बरे का! कोणत्या विषयांनी लागला? त्यातल्या एका विषयाला अर्धे सेमिस्टर शिकवायलाच कुणी नव्हते, त्यात त्याचा हात नव्हता. दुसऱ्यात त्याने स्वतः सप्टेंबरभर एकही लेक्चर अटेंड केले नाही, ते त्यानेच केले. तिसऱ्यात त्याला चार मार्क कमी आहेत आणि पेपर पुन्हा तपासून घेता येतो. म्हणजे एकाच्या निकालात तीन वेगवेगळे 'लावणारे' आहेत आणि तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. 'डूम्ड केस' म्हटले की तिन्हींचे एकच गाठोडे होते आणि ते माळ्यावर जाते. आणि ते म्हणणारे आपणच असतो. ज्याला नोट्स द्यायच्या नाहीत, रात्री बसून एक युनिट समजावून सांगायचे नाही, ग्रुपमध्ये प्रोजेक्टला घ्यायचे नाही, त्याला आधी डूम्ड म्हणून टाकायचे. मग वाटते निवाडा वरूनच आला, आपण फक्त वाचून दाखवला! जुन्या स्कॉटलंडच्या कोर्टात शिक्षा वाचून दाखवणारा एक नोकर असे, त्याला 'डूम्स्टर' म्हणत. विंगमध्ये असे डूम्स्टर झाले आहेत दहा-दहा. फरक एवढाच की त्याच्या हातात न्यायाधीशाचा निर्णय असायचा, यांच्या हातात काहीच नाही.

सरांनाही सांगायचे धाडस करतो. "ही बॅचच गेलेली आहे" हे वाक्य आमच्यापर्यंत पोहोचते, सर. बॅच कुठे गेली, कधी गेली, कुणी नेली हे मात्र पोहोचत नाही. त्याऐवजी "तुम्ही दोन असाइनमेंट कॉपी केल्या आणि मी टर्मवर्कचे मार्क कापले" हे ऐकायला कडू असले तरी ऐकवते. त्यात करणारे दोन्ही बाजूंचे दिसतात.

ब्रँचबद्दलही हेच. 2001-02 च्या आसपास डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा कॉम्प्युटर आणि आयटी डूम्ड असे ठामपणे सांगणारे होतेच. त्यानंतरच्या वर्षांत कॅम्पसमध्ये आयटी कंपन्यांची रांग लागली. मेकॅनिकल आणि सिव्हिल तर किती वेळा मेल्या आणि जिवंत झाल्या याची गणतीच नाही. आता एआयची पाळी. रात्री दोनपर्यंत पांघरुणात मोबाईल धरून एकामागून एक वाईट बातमी वर सरकवत राहायचे, याला 2020 च्या लॉकडाउनपासून 'डूमस्क्रोलिंग' हा शब्दच रूढ झाला आहे. एआयवाल्यांमध्ये तर 'पी-डूम' म्हणून एक आकडा काढतात, एआयमुळे माणसाचे वाटोळे होण्याची प्रोबॅबिलिटी. 2024 चे फिजिक्सचे नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन ती 10 ते 20 टक्के सांगतात. 2018 चा ट्युरिंग पुरस्कार ज्यांनी त्यांच्यासोबत वाटून घेतला ते यान लकून या भीतीला अतिशयोक्ती म्हणतात. दोघांचे गणित आपल्यापेक्षा बरे असावे. पण यात मला एक गोष्ट आवडते. टक्के लावले की 'कशावरून?' हा प्रश्न विचारता येतो. शिकागोची ती प्रसिद्ध 'डूम्सडे क्लॉक'सुद्धा तशीच. 1947 मध्ये ती बाराला सात मिनिटे कमी असताना सुरू झाली, शीतयुद्ध संपल्यावर 1991 मध्ये 17 मिनिटांवर मागे गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये 89 सेकंदांवर आणली गेली. काटा आपोआप फिरत नाही. काही शास्त्रज्ञ बसतात, चर्चा करतात आणि फिरवतात. मागेही फिरवतात.

डूम नावाचा गेम सगळ्यांना माहीत आहे. तो 10 डिसेंबर 1993 ला आला, आणि आजही कॅल्क्युलेटरपासून प्रिंटरच्या स्क्रीनपर्यंत जिथे जमेल तिथे तो चालवून दाखवण्याची शर्यत जगभर चालू आहे. त्याचे नाव 'द कलर ऑफ मनी' या 1986 च्या सिनेमावरून पडले. त्यात टॉम क्रूझ बिलियर्ड्सची काठी ठेवायची पेटी घेऊन येतो, आत काय आहे विचारल्यावर तो हाच एक शब्द उच्चारतो. तिथे डूम ढगातून येत नाही, टॉम क्रूझच्या हातात आहे. निदान कुणाच्या हातात आहे ते तरी कळते!

तर कोपऱ्यातल्या रूमवाल्याचे तिसरे पेपर उरतात, चार मार्कवाले. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि रेवलचा फॉर्म त्यानंतरच भरता येतो. नोटीस ऑफिसच्या बाहेरच्या बोर्डावर लागते, म्हणजे लावतात. ती होस्टेलवर आणून चिकटवायचे काम गेल्या वेळी कुणीच केले नव्हते. या वेळी मी करतो. फोटोकॉपी आली की ज्याला तो विषय येतो त्याने फक्त अर्धा तास त्याच्याबरोबर बसावे आणि प्रश्न दोन आणि प्रश्न पाच बघावेत. तिथे बेरीज चुकल्यासारखी वाटते.